ऑस्ट्रेलियाने स्वतःची मोटार बनवणे का थांबवले?

यंत्रवेडा :

ऍडलेड शहराच्या उत्तरेला एलिझाबेथ नावाची वसाहत आहे. तेथील होल्डन या कंपनीच्या कारखान्यातून २० ऑक्टोबर २०१७ रोजी शेवटची कमोडोर मोटार बाहेर पडली आणि ऑस्ट्रेलियातील मोटारींचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन संपले. मेलबर्नच्या पश्चिमेकडील आल्टोनाचा कारखाना टोयोटाने त्याच महिन्याच्या ३ तारखेला बंद केला होता, तर फोर्डने ब्रॉडमेडोज आणि जिलाँग येथील उत्पादन वर्षभर आधी, ७ ऑक्टोबर २०१६ रोजी थांबवले होते. पंतप्रधान बेन चिफली यांनी २९ नोव्हेंबर १९४८ रोजी फिशरमन्स बेंड येथे पहिल्या होल्डनचे अनावरण केले, तेव्हापासून मोजले तर देशी म्हणवल्या गेलेल्या या मोटारीला एकोणसत्तर वर्षेही पुरी लाभली नाहीत.

या विषयाची दोन ठरलेली उत्तरे ऐकायला मिळतात. मजुरी महाग होती, हे पहिले. सरकारने आयात शुल्क उतरवले आणि उद्योग उघड्यावर पडला, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण मूळ दुखणे त्यांच्या आधीचे आहे असे माझे मत आहे, आणि ते मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

मोटारीचा सांगाडा म्हणजे प्रेसमध्ये दाबून आकार दिलेले पत्र्याचे भाग. दाराची बाहेरची बाजू, बॉनेट, छप्पर, मडगार्ड यांपैकी प्रत्येकासाठी पोलादी डाय, म्हणजे साचा, लागते आणि ती त्या मॉडेलखेरीज कोठेही उपयोगी पडत नाही. डाय घडवणे, रंगकामाचा विभाग उभारणे, अपघातचाचण्या पार पाडणे, नवे मॉडेल आखून तपासणे, हे सारे खर्च वर्षाला वीस हजार मोटारी निघोत की तीन लाख, जवळपास तेवढेच राहतात. प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या ऑस्ट्रेलियन सरकारच्या सल्लागार संस्थेने २०१४ च्या अहवालात म्हटले होते, की जागतिक स्पर्धेत टिकायचे तर एका कारखान्यातून वर्षाला दोन ते तीन लाख मोटारी निघाव्या लागतात. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील तिन्ही कंपन्यांचे मिळून उत्पादन सव्वादोन लाखांच्याही आत होते. एका कारखान्याला जेमतेम पुरेल एवढे काम तिघांत वाटले गेले होते.

वर्षाला सुमारे अकरा लाख वाहने विकत घेणारा देश एक कारखाना का पोसू शकला नाही? कारण त्या अकरा लाखांवर साठहून अधिक ब्रँड तुटून पडत होते. आणि ज्या काळात स्पर्धा कमी होती, त्या काळात शुल्काच्या भिंतीआड गर्दी झाली होती. भिंत उंच असली की आत येऊन बसलेल्या प्रत्येकाला नफा मिळतो, म्हणून प्रत्येकजण आत येतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेथे होल्डन, फोर्ड, टोयोटा, मित्सुबिशी आणि निसान असे पाचजण मिळून तेरा मॉडेले बनवत होते. आयात शुल्क ५७.५ टक्के होते आणि शिवाय आयातीवर कोट्याची मर्यादा होती, म्हणजे बाहेरच्या मोटारींनी बाजाराचा ठरावीक हिस्साच घ्यायचा. इतक्या संरक्षणातही उद्योग कर्जबाजारी आणि महागडाच राहिला.

हे ओळखणारा पहिला मंत्री म्हणजे सिनेटर जॉन बटन. १९८४ साली त्यांनी मांडलेली योजना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोटा काढायचा, शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचे आणि तेरा मॉडेलांवरून सहावर यायचे, असा तिचा गाभा होता. कंपन्यांनी यावर शोधलेली पळवाट आजही गमतीची वाटते: त्यांनी मॉडेले कमी करण्याऐवजी एकमेकांच्या मोटारींवर आपापली नावे चिकटवली. टोयोटाची कोरोला होल्डन नोव्हा झाली, कॅमरी होल्डन अपोलो झाली, आणि होल्डनची कमोडोर टोयोटा लेक्सन या नावाने विकायला निघाली. ऑस्ट्रेलियाला १९८३ चा अमेरिका चषक जिंकून देणाऱ्या नौकेचे आरेखनकार बेन लेक्सन यांच्यावरून ते नाव घेतले होते. गिऱ्हाईक अर्थातच फसले नाही. ज्याला कमोडोर हवी होती तो होल्डनच्याच विक्रेत्याकडे गेला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ऑस्ट्रेलियाने मोटारीचा कारखाना वाचवण्याऐवजी 'ऑस्ट्रेलियन मोटार' वाचवण्याचा प्रयत्न केला. मागच्या चाकांना जोर देणारी, सहा किंवा आठ सिलिंडरची, लांब रस्त्यांसाठी घडवलेली मोठी सेडान जगात इतरत्र फारशी कोणाला नको होती. जे उत्पादन एकाच बाजारात खपते, ते त्या बाजाराची आवड बदलताच मरते. १९९८ मध्ये कमोडोर ९४,००० हून अधिक खपली होती आणि सलग पंधरा वर्षे ती देशातील सर्वाधिक विकली जाणारी मोटार होती. २०११ मध्ये तो मान मझदा ३ ने घेतला. फोर्ड फाल्कन २०१४ साली ७,००० सुद्धा विकली गेली नाही.

ताळेबंद :

मांडणी आवडली, पण पैशाचा हिशेब आपण फारच पटकन उरकलात. त्याच प्रॉडक्टिव्हिटी कमिशनच्या अंदाजानुसार १९९७ ते २०१२ या काळात या उद्योगाला मिळालेले एकूण सहाय्य सुमारे ३० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर होते. त्यात रोख अनुदान होते आणि शुल्कामुळे ग्राहकाने मोजलेली जादा किंमतही होती. म्हणजे 'सरकारने वाऱ्यावर सोडले' हे वाक्य निदान त्या काळापुरते खरे नाही.

दुसरा मुद्दा विनिमय दराचा. शुल्क २००० पर्यंत १५ टक्क्यांवर, २००५ मध्ये १० वर आणि २०१० मध्ये ५ वर आले, आणि हे वेळापत्रक सर्वांना आधीपासून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते चलनाचे. २००१ साली ऑस्ट्रेलियन डॉलर ५० अमेरिकी सेंटच्याही खाली गेला होता; २०११ मध्ये तो १ डॉलर १० सेंटपर्यंत चढला. लोखंडाचे खनिज आणि कोळसा यांना चीनकडून मागणी आली, खाणींत पैसा ओतला गेला आणि चलन वधारले. आता कॅमरीचे उदाहरण घ्या. आल्टोनात बनणाऱ्या कॅमरींपैकी मोठा वाटा आखाती देशांत जात असे आणि तेथील बहुतेक चलने अमेरिकी डॉलरला बांधलेली आहेत. कारखान्यात काहीही बदल झाला नाही, कामगाराने एक मिनिटही कमी काम केले नाही, तरी दहा वर्षांत त्याची मजुरी परदेशी ग्राहकाच्या दृष्टीने दुप्पट झाली. ५७.५ वरून ५ टक्क्यांवर यायला शुल्काने पाव शतक घेतले. त्याहून मोठा धक्का चलनाने एका दशकात दिला. खाणींनी कारखाने बुडवले, असे मी म्हणेन.

शंकासुर :

दोघांशीही थोडी असहमती. यंत्रवेडा म्हणतात, जगाला विकता येईल अशी मोटार बनवली नाही. पण प्रयत्न झाले होते आणि ते लहानसहान नव्हते. २००६ ची व्हीई कमोडोर संपूर्णपणे ऑस्ट्रेलियात आखली गेली आणि तिच्यावर एक अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झाला. तीच गाडी पाँटिॲक जी८ या नावाने अमेरिकेला जाऊ लागली. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, पाँटिॲक हा ब्रँडच मोडीत निघाला आणि एलिझाबेथची सर्वांत मोठी निर्यात एका सहीने संपली. यात ऑस्ट्रेलियातील कोणाची काय चूक होती? त्याच पायावर होल्डनच्या अभियंत्यांनी नवी शेव्हरोले कॅमेरो घडवली, पण ती बनवण्याचे काम कॅनडातील ओशावा कारखान्याला मिळाले.

लहान बाजाराचे खरे दुर्दैव मला येथे दिसते. कारखाना तुमच्या देशात असतो, कामगार तुमचे असतात, अनुदान तुमच्या करदात्याचे असते. पण कोणती मोटार कोठे बनेल हा निर्णय डेट्रॉईट किंवा नागोया येथे होतो, आणि तेथे बसलेल्यांच्या नकाशावर तुमचा देश कोपऱ्यात असतो. स्वतःची म्हणावी अशी होल्डन १९३१ पासून अमेरिकी मालकीची होती, हे विसरून चालणार नाही.

आणि करारांचे काय? थायलंडशी झालेला मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. थायलंडमध्ये बनलेले पिकअप ऑस्ट्रेलियात विनाशुल्क येऊ लागले. उलट दिशेने फोर्डची टेरिटरी ही ऑस्ट्रेलियात बनणारी उंच गाडी जायची होती. कागदावर तिचेही शुल्क उतरले होते, पण थायलंडचा अबकारी कर तेव्हा इंजिनाच्या आकारमानावर आकारला जात असे आणि टेरिटरीचे इंजिन चार लिटरचे होते. दार उघडे ठेवले आणि उंबरठा उंच केला. व्यापारी करार करणाऱ्यांनी हे आधी पाहायला नको होते काय?

यंत्रवेडा :

शंकासुर, पाँटिॲकचा मुद्दा मान्य. पण तो माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो असे मला वाटते. जी८ ची निर्यात एका ब्रँडवर आणि एका चैनीच्या प्रकारावर टेकलेली होती. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशांसाठी गाडी वेगळी घडवावी लागते, दूरच्या बंदरापर्यंत जहाजाने पाठवावी लागते, आणि एवढे करून ती तेथील बाजारात हौशी लोकांपुरतीच राहते. मुख्य कंपनी संकटात आली की असा पाहुणा पहिला बाहेर काढला जातो.

टेरिटरीवर मात्र मी निरुत्तर आहे. ती खरोखर योग्य वेळी आलेली योग्य गाडी होती, २००४ सालची, लोक सेडान सोडून उंच गाड्यांकडे वळू लागले त्याच सुमाराची. तिला डिझेल इंजिन मिळायला २०११ साल उजाडले. एवढा उशीर का, याचे उत्तर पुन्हा संख्येतच आहे: वीस-पंचवीस हजार गाड्यांवर नव्या इंजिनाचा खर्च बसत नाही.

दक्षिणवारे :

गेली बरीच वर्षे मेलबर्नमध्ये राहत असल्यामुळे हा शेवट जवळून पाहिला. चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे तिन्ही कंपन्या एकापाठोपाठ एक का गेल्या. तारखा पाहा. फोर्डने २३ मे २०१३ रोजी जाहीर केले, होल्डनने ११ डिसेंबर २०१३ रोजी, टोयोटाने १० फेब्रुवारी २०१४ रोजी. नऊ महिन्यांच्या आत तिघांचा निर्णय झाला होता आणि तो योगायोग नव्हता.

सीट, काचा, रेडिएटर, ब्रेक, प्लास्टिकचे भाग, वायरिंग बनवणारे पुरवठादार तिघांनाही माल देत असत. फोर्ड गेली की त्यांचा एक गिऱ्हाईक गेला, पण भाडे, यंत्रे आणि पगार तसेच राहिले. मग उरलेल्या दोघांना जाणारा प्रत्येक भाग महाग झाला. होल्डन गेल्यावर टोयोटाला एकटीने ही सारी साखळी पोसावी लागली असती. टोयोटाने आपल्या घोषणेत चलन, उत्पादनखर्च आणि व्यापारकरारांबरोबर पुरवठादारांचा हा प्रश्नही नोंदवला होता. तीन खांबांवरच्या मांडवाचा एक खांब काढल्यावर उरलेले दोन आपोआप कलतात.

याआधीही हेच घडले होते, फक्त सावकाश. लेलँडने सत्तरच्या दशकाच्या मध्यात सिडनीतील कारखाना बंद केला, निसानने १९९२ मध्ये क्लेटनचा, मित्सुबिशीने मार्च २००८ मध्ये ऍडलेडमधील टॉन्सली पार्कचा. प्रत्येक वेळी सांगितले गेले की आता उरलेल्यांना अधिक जागा मिळेल. बाजारात जागा मिळाली असेल, पण ती आयात मोटारींनी भरली, आणि पुरवठादारांचे काम तेवढे कमी झाले. कारखाने कमी झाले की उरलेले सशक्त होतात हे बटन योजनेचे गणित त्यामुळे अर्धेच खरे ठरले.

राजकारणाविषयी एवढेच लिहितो, की २०१२ मध्ये होल्डनसाठी केंद्र आणि दोन राज्यांनी मिळून २७.५ कोटी डॉलरची मदत जाहीर केली होती आणि त्या बदल्यात कंपनी २०२२ पर्यंत राहील असे सांगितले गेले होते. पुढल्याच वर्षी सरकार बदलले, उद्योगाच्या सहाय्यातून ५० कोटी कापण्याचे धोरण आले, आणि अर्थमंत्री जो हॉकी यांनी संसदेत होल्डनला राहायचे की जायचे ते स्पष्ट सांगा असे आव्हान दिले. दुसऱ्या दिवशी कंपनीने जायचे असे सांगितले. निर्णय त्या भाषणामुळे झाला असे मी मानत नाही. पण निरोप देण्याची ही रीत एलिझाबेथच्या कामगारांच्या मनात अजून सलते.

फिरस्ता :

ऑस्ट्रेलियाचा बाजार लहान म्हणता, तर मग न्यूझीलंडला काय म्हणाल? सत्तरच्या दशकात लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आणि जुळणीचे कारखाने डझनभराहून अधिक! लहान बाजारात संरक्षण कसे वागते याचा स्वच्छ नमुना तेथेच मिळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तेथे मोटार बनत नव्हती, जुळवली जात होती. परदेशातून सीकेडी किट, म्हणजे सुट्या भागांचे पूर्ण संच, लाकडी खोक्यांतून येत. कारखान्यात सांगाडा वेल्ड होई, रंग दिला जाई आणि काचा, टायर, बॅटरी, सीट, गालिचे असे काही भाग स्थानिक बनावटीचे बसवले जात. परकीय चलन वाचवणे हा या व्यवस्थेचा हेतू होता. आयात परवान्यांमुळे मोटारींची कायमची टंचाई असे, आणि ज्याच्याकडे परदेशात पैसा असे त्याला किमतीचा काही भाग परकीय चलनात भरून नवी मोटार रांगेबाहेर मिळे. बाकीच्यांनी वर्षानुवर्षे थांबायचे. परिणाम असा की वर्षभर वापरलेली मोटार नव्यापेक्षा महाग विकली जाई.

परकीय चलन खरोखर वाचले का? येथे या धंद्यातली एक मख्खी आहे. स्थानिक बनावटीचा भाग वापरायचा म्हणून तुम्ही किटमधून तो भाग वगळायला सांगता, तेव्हा मूळ कंपनी किटच्या किमतीतून त्या भागाची पूर्ण किंमत वजा करत नाही. तो एक भाग न बनवल्याने तिचा जेवढा खर्च प्रत्यक्ष वाचतो तेवढाच, कधी त्याहूनही कमी, वजा करते. समजा भाग शंभराचा आहे, वजावट साठाची मिळते आणि तोच भाग स्थानिक कारखान्यात दीडशेला पडतो. म्हणजे साठ वाचवण्यासाठी दीडशे खर्च झाले, आणि त्या दीडशेतही कच्चा माल व यंत्रे बहुधा आयातच. सक्तीची टक्केवारी जितकी वाढवाल तितका हा व्यवहार वाईट होत जातो, कारण सोपे भाग आधी संपतात आणि मग गिअर, इंजिन असे भाग उरतात. लहान देशांतील कितीतरी जुळणी कारखाने याच हिशेबात अडकले होते.

स्वतःची मोटार काढण्याचा प्रयत्नही तेथे झाला. १९६६ ते १९७३ दरम्यान निघालेली ट्रेका ही शेतकऱ्यांसाठीची साधी गाडी होती, स्थानिक पत्र्याचा सांगाडा आणि आत चेकोस्लोव्हाकियाच्या स्कोडाचे इंजिन. एकूण सुमारे २,५०० निघाल्या. शेतावरची गाडी असून तिला चारही चाकांचा जोर नव्हता, हे वाचून मला हसू आवरले नव्हते.

शेवट कसा झाला? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जुन्या जपानी मोटारींच्या आयातीवरील बंधने सैल झाली. जपानमध्ये ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी खर्चिक असते, त्यामुळे चार-सहा वर्षांच्या चांगल्या गाड्या तेथे स्वस्तात निघतात, आणि स्टिअरिंग दोन्ही देशांत उजवीकडेच. स्थानिक कारखान्यांची खरी स्पर्धा नव्या आयात मोटारीशी नव्हतीच. ती या जुन्या मोटारींशी होती, आणि तिला तोड नव्हती. मे १९९८ च्या अर्थसंकल्पात उरलेसुरले शुल्क शून्य झाले. त्याच वर्षी पोरिरुआतील मित्सुबिशी, नेल्सनमधील होंडा, विरीतील निसान आणि थेम्समधील टोयोटा हे चारही कारखाने बंद पडले. थेम्सच्या इमारतीत टोयोटाने पुढे कोणते काम चालवले असेल? जपानहून आलेल्या जुन्या टोयोटा गाड्या दुरुस्त करून विकण्याचे.

ताळेबंद :

फिरस्ता यांच्या वजावटीच्या हिशेबाला जोड. आयर्लंडमध्ये कॉर्क येथे हेन्री फोर्ड यांनी १९१७ मध्ये कंपनी स्थापन केली. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव त्याच परगण्यातले. आयर्लंड १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर जुळणीला दिलेले संरक्षण मुदतबंद झाले आणि कॉर्कचा कारखाना जुलै १९८४ मध्ये बंद झाला. गावाशी असलेले नाते हिशेबात कुठे बसत नाही.

शंकासुर :

मग लहान देशाने मोटार बनवूच नये, असा या धाग्याचा निष्कर्ष समजायचा का? स्लोव्हाकियाची लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास आहे, ऑस्ट्रेलियाच्या एक चतुर्थांशही नाही, आणि तेथे वर्षाला सुमारे दहा लाख मोटारी बनतात. दरडोई उत्पादनात तो देश जगात पहिला आहे.

यंत्रवेडा :

असा निष्कर्ष मुळीच नाही. उलट स्लोव्हाकिया हे माझ्या म्हणण्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. ब्रातिस्लाव्हात फोक्सवॅगन, झिलिनात किया, त्रनावात प्यूजो-सित्रोएन (आता स्टेलँटिस), नित्रात जॅग्वार लँड रोव्हर. यांतील एकही मोटार 'स्लोव्हाक' नाही आणि ती तशी असावी असा कोणाचा आग्रहही नाही. बहुतेक माल देशाबाहेर जातो. देश लहान असला तरी त्याचा बाजार लहान नाही, कारण कारखान्याच्या फाटकाबाहेर अख्खा युरोपीय संघ आहे. ऑस्ट्रेलियाच्या फाटकाबाहेर समुद्र आहे. हा भूगोलाचा अन्याय आहे आणि त्यावर कोणत्याही मंत्र्याकडे उपाय नव्हता.

पण समुद्र असूनही टिकलेला एक देश आहे, आणि त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे: दक्षिण आफ्रिका. तेथेही नव्वदच्या दशकापर्यंत ऑस्ट्रेलियासारखीच स्थिती होती, अनेक कंपन्या, असंख्य मॉडेले, प्रत्येकाची काही हजारांची संख्या. १९९५ मध्ये आलेल्या योजनेने एक वेगळी कळ फिरवली. जी कंपनी निर्यात करील तिला त्या निर्यातीच्या बदल्यात आयात शुल्कात सवलत मिळू लागली. म्हणजे प्रिटोरियाजवळच्या रॉसलिनमध्ये बीएमडब्ल्यूने एकच मॉडेल जगासाठी मोठ्या संख्येने बनवायचे, आणि त्यातून मिळालेल्या सवलतीवर आपली बाकीची मॉडेले देशात आयात करून विकायची. ग्राहकाची निवड कमी झाली नाही आणि कारखान्यातली विविधता मात्र कमी झाली. मर्सिडीजने ईस्ट लंडनमध्ये सी-क्लास धरली, फोक्सवॅगनने कारिएगामध्ये पोलो. आज तेथे वर्षाला सुमारे सहा लाख वाहने बनतात. बटन यांना जे शुल्क उतरवून साधायचे होते, ते तेथे सवलतीच्या आमिषाने साधले.

ऑस्ट्रेलियातही निर्यातीला सवलत देण्याची योजना होती, पण तिच्यामुळे कोणी आपले मुख्य मॉडेल सोडले नाही. कमोडोर आणि फाल्कन या दोन गाड्यांत देश भावनेने विभागला गेला होता, शर्यतीच्या मैदानावर तर फारच, आणि त्यांपैकी एक थांबवण्याचे बोलणेही कोणाला परवडले नसते. होल्डनने २०११ पासून एलिझाबेथमध्ये क्रूझ ही लहान मोटार बनवायला घेतली खरी, पण ती जगभर इतर कारखान्यांतही बनत होती आणि चढलेल्या डॉलरमध्ये तिचा निभाव लागला नाही.

ताळेबंद :

दक्षिण आफ्रिकेचे गुणगान जरा जपून. त्या सवलतीचा बोजा तेथील ग्राहक आणि तिजोरी उचलते, कामगारांच्या मोठ्या संपांनी उत्पादन अनेकदा ठप्प झाले आहे, आणि एवढे करूनही जनरल मोटर्स २०१७ मध्ये तेथूनही निघून गेली. योजना २०३५ पर्यंत वाढवली आहे, म्हणजे चाळीस वर्षांचे मूल अजून पांगुळगाड्यावर आहे. शिवाय युरोपने पेट्रोलच्या मोटारी बंद करण्याचा जो मार्ग धरला आहे, त्यामुळे युरोपसाठी बनणाऱ्या त्या एकाच मॉडेलचे पुढे काय होणार हा प्रश्न उरतोच. एका मॉडेलवर सगळे लावण्याची ही दुसरी बाजू आहे.

लॅटिन अमेरिकेतही हाच क्रम चालू आहे. चिलीने साठच्या दशकात उत्तर टोकाच्या अरिका या बंदरात जुळणी कारखान्यांची रांग उभी केली होती. तेथील शेवटचा, जनरल मोटर्सचा, २००८ मध्ये बंद झाला. त्याच कंपनीने २०२४ मध्ये कोलंबिया आणि इक्वेडोर या दोन्ही देशांतील उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. कोलंबियातील कारखान्याचा उगम १९५६ चा होता.

दक्षिणवारे :

शेवटी एक वस्तुस्थिती सांगतो, तिचा अर्थ ज्याने त्याने लावावा. फोर्डने ऑस्ट्रेलियातील कारखाने बंद केले, पण आरेखन आणि अभियांत्रिकी विभाग ठेवला. फोर्ड रेंजर हा पिकअप मेलबर्नमध्ये आखला जातो, जिलाँगजवळच्या यू यांग्स येथील मैदानावर तपासला जातो, आणि थायलंड व दक्षिण आफ्रिकेत बनतो. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ऑस्ट्रेलियात सर्वाधिक विकले गेलेले वाहन तेच होते. फोक्सवॅगनचा नवा अमारोकसुद्धा त्याच पायावर उभा आहे.

शंकासुर :

म्हणजे 'ऑस्ट्रेलियन मोटार' अजून आहे, फक्त ती ऑस्ट्रेलियात बनत नाही! यंत्रवेडा, आपल्या मूळ विधानाची ही उलटी बाजू झाली. देशाने कारखाना घालवला आणि मोटार राखली.

यंत्रवेडा :

हे मला सुचले नव्हते आणि ते खरे आहे. मात्र एक फरक नोंदवतो. रेंजर आखणारे अभियंते आणि एलिझाबेथमध्ये दरवाजे बसवणारे कामगार ही एकाच घरातली माणसे नव्हेत. टॉन्सली पार्कच्या जुन्या जुळणी विभागाचे अवाढव्य छप्पर तसेच ठेवून त्याखाली विद्यापीठाचे वर्ग आणि नव्या कंपन्या आणल्या आहेत; एलिझाबेथच्या आवारात होल्डननंतर वर्षभरात घरगुती बॅटरी जोडण्याचे काम सुरू झाले. दोन्ही प्रकल्प चांगलेच म्हणायला हवेत. पण पन्नाशीला आलेला, शाळा लवकर सोडून वेल्डिंग शिकलेला माणूस त्या वर्गांत विद्यार्थी म्हणून क्वचितच दिसेल, आणि बॅटरी जोडायला लागणारी माणसे मोटार जोडायला लागणाऱ्यांपेक्षा फारच थोडी असतात.

ताळेबंद :

जाता जाता एक. देशात मोटारींचा कारखाना उरला नाही, तरी २००० साली २५ टक्क्यांनी सुरू झालेला आणि २००८ मध्ये ३३ टक्क्यांवर नेलेला चैनीच्या मोटारींवरील कर ऑस्ट्रेलियात अजून आकारला जातो, आणि ज्या देशांशी करार नाही त्यांच्या मोटारींवर ५ टक्के आयात शुल्कही.

शंकासुर :

भिंतीआड आता कोण राहते?

ताळेबंद :

तिजोरी.